पंधरा हजारांत कर्जमुक्त व्हा! (चहा सोडून)

परवा एका ‘आर्थिक साक्षरता’ शिबिरात दीड तास बसावं लागलं. समोर हाउसकीपिंगच्या बायका, सिक्युरिटीवाले, दोन-चार डिलिव्हरीवाली पोरं. व्यासपीठावर कोट घातलेले मार्गदर्शक, आणि हॉलमधला एकुलता एक चालू पंखा त्यांच्याकडे तोंड करून. त्यांचा मंत्र असा: बाहेरचा चहा बंद करा, महिन्याला तीनशे रुपये वाचवा, सहा महिन्यांच्या खर्चाइतका निधी बाजूला काढा आणि अंथरूण पाहून पाय पसरा. टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या मध्ये खिशातले फोन थरथरत होते. वसुलीवाल्यांचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांचं थोडं सांगायचं राहून गेलं, ते मी पूर्ण करतो. महिना पंधरा हजार मिळवणाऱ्या आणि चार ठिकाणचे हप्ते चालू असणाऱ्या प्रत्येकाने या सूचना तंतोतंत पाळाव्यात.

चहा तर सोडाच. वाचलेले तीनशे क्रेडिट कार्डात भरा. समजा कार्डावर ४०,००० थकलेत. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२, एकूण १,६५२. स्टेटमेंटवर ‘किमान देय रक्कम’ ठळक छापलेली असते; साधारण पाच टक्के धरा, म्हणजे २,०००. ती भरली की जीव भांड्यात पडतो आणि मुद्दल ३४८ रुपयांनी कमी होतं. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, त्यामुळे त्याच कार्डावर घेतलेल्या तूरडाळीला पहिल्या दिवसापासून व्याज. तरीही कार्ड खिशातच ठेवा, किराण्याला वापरा, दर महिन्याला किमान रक्कम भरा. मुद्दल कधी संपणार ते नातवंडांना कळेलच.

व्याजदर विचारून एजंटला लाजवू नका. ‘फक्त बारा टक्के’ म्हणाला ना, झालं तर. ५०,००० रुपये, दोन वर्षं, बारा टक्क्यांनी व्याज १२,०००, हप्ता २,५८३. हिशेब चोख दिसतो. फक्त एवढंच, की तुम्ही दर महिन्याला मुद्दल परत करत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण पन्नास हजारांवर लागत असतं. याला फ्लॅट रेट म्हणतात. घटत्या शिलकीवर मोजलं तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. खरा वार्षिक दर, सगळे चार्जेस धरून, एका कागदावर आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचं बंधन रिझर्व्ह बँकेने घातलं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांना. तो कागद मिळालाच तर घडी करून शर्टाच्या खिशात ठेवा. एकदा धुतला गेला की प्रश्न मिटला.

मित्राला जामीन राहा, नुसती सही तर करायची असते. पतसंस्थेने १०१ चा, म्हणजे सहकार कायद्यातल्या कलम १०१ खालचा वसुलीचा, दाखला काढला की पगारातून कपात त्याचीच होईल असं थोडंच आहे.

आता हप्त्याची तारीख. ती पाच ठेवा. पगार दहाला होतो? मग पाचच उत्तम. पाच तारखेला सकाळीच नॅचची, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची, फाइल तुमच्या बँकेत येते. खात्यात २,५८३ हवेत, आहेत २,१००. हप्ता परत. बँक रिटर्न चार्ज लावते. समजा ५०० आणि वर जीएसटी ९०. पलीकडे कर्जवाली कंपनी स्वतःचा बाउन्स चार्ज लावते, समजा आणखी ५००. दुपारी शेजारणीकडून उसने आणून खात्यात टाकायचा विचार असेल तर राहू द्या, फाइल सकाळीच येऊन गेली. पैसे आदल्या दिवशीच खात्यात लागतात, हे सही घेताना कोणी सांगत नाही. मग आठ तारखेला कंपनी फाइल पुन्हा पाठवते. आता खात्यात २,१०० सुद्धा नाहीत, १,५१० आहेत, कारण मधल्या मध्ये बँकेने आपले ५९० उचलले. पुन्हा परत, पुन्हा ५९०, पलीकडे पुन्हा ५००. खात्यात तेवढेही नसतील तर चार्ज खात्यावर उभा राहतो आणि दहाला पगार पडला की पहिला घास बँकेचा. बेरीज करा: बँकेचे १,१८०, कंपनीचे १,०००, मिळून २,१८०. उशिराचा दंड वेगळा. २,५८३ च्या हप्त्यावर २,१८० रुपये गेले आणि हप्ता अजून भरलेलाच नाही! सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, उशिराची नोंद वेगळीच. या माणसाचं चुकलं काय? चहा.

पाच आणि दहा या तारखांमधला हा खड्डा कोणी खणला? पगार सातव्या दिवसाच्या आत द्यायचा हा काही नवा शोध नाही. हजाराच्या आत माणसं असलेल्या आस्थापनेला ते १९३६ च्या कायद्यानेच लागू केलं होतं. कंत्राटदाराने पगार चुकवला तर मूळ मालकाने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने घालून दिलेलं. आणि कंत्राटदाराकडून उत्तर काय मिळतं? ‘कंपनीकडून बिल पास झालं नाही.’ बिल तुझं, धंदा तुझा, नफा तुझा आणि उशीर तेवढा झाडूवाल्या बाईच्या खात्यावर! पाच दिवस तिचे पैसे वापरतोस, त्याचं व्याज तिला देतोस का? वर तिलाच ‘नियोजन शिका’ म्हणून शिबिराला बसवतोस.

असो. सूचनांकडे वळू.

अडचण फारच झाली तर सात दिवसांचं ॲप आहेच. ५,००० मंजूर होतात, ‘प्रोसेसिंग’ कापून हातात ३,५०० येतात, आठवड्याने ५,००० भरायचे. साडेतीन हजारांवर आठवड्याला दीड हजार. ते भरायला दुसरं ॲप घ्या, दुसऱ्यासाठी तिसरं. फोनबुकची परवानगी मागतील, खुशाल द्या; सासरच्या मंडळींना तुमची ख्यालीखुशाली परस्पर कळेल, तीही तुमचा फोटो जोडून. कर्जाच्या ॲपने फोनबुक आणि गॅलरीला हात लावायचा नाही, पैसे थेट कर्जदाराच्याच खात्यात टाकायचे, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच सांगितलंय. बँका आणि वित्त कंपन्यांनी आपापली म्हणून कळवलेल्या ॲपची यादीही जुलै २०२५ पासून तिच्या संकेतस्थळावर आहे. पण यादी बघायला दोन मिनिटं जातात आणि ॲप दीड मिनिटात कर्ज देतं.

सावकार मात्र घरचाच धरा, भाऊंसारखा. महिना दहा टक्के, म्हणजे वर्षाला एकशेवीस. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली बिगरशेती विनातारण कर्जाला ठरलेला दर आहे वर्षाला अठरा. फरक जेमतेम एकशेदोन टक्क्यांचा, तेवढ्यासाठी भाऊंना दुखवायचं? कोरा चेक द्या, सही केलेला स्टॅम्पपेपर द्या, एटीएम कार्ड पिनसकट द्या. म्हणजे पगार झाल्याचा मेसेज तुम्हाला येतो आणि पैसे भाऊ काढतात, सगळं सुटसुटीत. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याकडे, अर्ज करता येतो. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असला तर. पण तिथे जायचं म्हणजे अर्धा दिवस रजा, आणि मुकादम काय म्हणेल!

बायकांनी एकमेकींच्या हमीवर मिळणारं गटाचं कर्ज एकाच कंपनीचं घेऊ नये, चार तरी घ्यावीत. नियम आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. त्यावर उपाय सोपा. फॉर्म कंपनीचे साहेबच भरतात. ‘घरचं उत्पन्न किती लिहू, ताई? पंचवीस लिहितो.’ लिहू द्या. मग हप्ता चुकला की सेंटरवर, म्हणजे गटाच्या बैठकीच्या जागी, बाकीच्या बायकांना पैसे गोळा होईपर्यंत उठू देत नाहीत, आणि तुमची शेजारीण तुमच्याशी बोलायची थांबते. गटाच्या कर्जाची वसुली ठरलेल्या जागीच करायची, तिथे लागोपाठ दोनदा गैरहजर राहिलात तरच घरी यायचं, सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, असंही नियमात आहे. इतर कर्जांना ती वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात. रात्री साडेनवाला दार वाजलं तर पाहुणा समजून चहा टाका. अरे हो, चहा सोडलाय.

थकलंच सगळं तर सेटलमेंट करा, म्हणजे कमी रकमेत तडजोड. फोनवरचा माणूस म्हणेल, ‘आज संध्याकाळपर्यंत वीस हजार टाका, फाइल बंद करतो.’ त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर टाका. पत्र मागू नका, त्याला वाईट वाटेल.

आणि घरी काही सांगू नका.

बस झालं. आता नीट ऐका, कारण इथून पुढे थट्टा नाही.

चेक आणि नॅच सोडले तर कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे. पोलिसात देतो, उचलून नेतो, या धमक्याच. चेकचं मात्र हलक्यात घेऊ नका: तो परत गेला, रकमेची नोटीस आली आणि पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर फौजदारी होते. नॅच परत गेलं तरी २००७ च्या कायद्याखाली तसंच. म्हणून मॅन्डेट, म्हणजे बँकेला दिलेली हप्ता कापायची परवानगी, बंद केलं की कर्ज सुटलं, असं सांगणाऱ्या व्हिडिओवाल्यांच्या नादी लागू नका. कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी पगारातले पहिले हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीत येत नाहीत. घरातली भांडी, अंगावरचे कपडे, कारागिराची हत्यारं, मंगळसूत्र, यांनाही हात लावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ६०. त्या यादीत अंथरूणही आहे. पाय पसरा.

एक वही घ्या. कोणाचे, किती उरले, खरा दर किती, हप्त्याची तारीख, परत गेल्यास दंड. चार कर्जं असतील तर चार ओळी. पगार दहाला होत असेल तर कंपनीला लेखी मागा की तारीख बारा करा, आणि पोच घ्या. सगळ्या देत नाहीत, पण मागितल्यावर देणाऱ्या आहेत. सहा महिन्यांचा निधी गेला खड्ड्यात. आधी एक हप्ता जादा त्या खात्यात पडून राहू द्या आणि त्या खात्यावर यूपीआय चालवू नका. बाकी हप्ते चालू ठेवून वरची जी काही रक्कम निघेल, ती सगळ्यात महाग कर्जात: आधी सावकार आणि ॲप, मग कार्ड. कार्ड कापून टाका. गटाचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, लावला तर भांडा. भाऊंकडचं एटीएम कार्ड आज ब्लॉक करून नवीन मागवा, वाद घालत बसू नका. सेटलमेंट करायची तर आधी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र, मग पैसे, तेही कर्जखात्यातच, मग काही देणं उरलं नसल्याचा ‘नो ड्यूज’ दाखला. सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ (तडजोड) लागेल, ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेड) नाही, हे समजून घेऊनच करा. सिबिल धरून चारही संस्था वर्षातून एकदा अहवाल फुकट देतात. चूक कळवल्यावर तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. वसुलीवाला नातेवाइकांना फोन करत असेल तर रेकॉर्ड करा, कंपनीकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत निकाल नाही लागला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फुकट आहे, १४४४८ वर विचारता येतं. आणि नवऱ्याला, बायकोला आज सांगा. लपवलेल्या कर्जासाठीच दुसरं कर्ज निघतं.

हे झालं कर्जवाल्यांसाठी. पण हे वाचणाऱ्यांतले निम्मे कर्जवाले नाहीत, तर त्यांना सल्ले देणारे आहेत. तुमच्या गेटवर बारा तास उभा राहणाऱ्या माणसाचा पगार एजन्सीमार्फत होतो. एजन्सीचं बिल एक तारखेला सोसायटीच्या ऑफिसात येतं. खजिनदार गावी गेलेत, सेक्रेटरींना मीटिंगमध्ये विषय घ्यायचाय, चेकवर दुसरी सही राहिलीय, असं करत पंधरा तारीख उजाडते. तोवर त्याचा हप्ता दोनदा परत गेलेला असतो. आणि तो ॲडव्हान्स मागायला आला की तुम्ही त्याला काटकसर शिकवता. लाज वाटू द्या जरा. टेबलावर पडलेल्या त्या चेकवर सही करा, आजच, आणि पुढच्या महिन्यापासून बिल आल्या दिवशी करा.