‘सरकारवर दावा ठोका, हजार डॉलर घ्या’: फॉरवर्ड वाचून वकील गाठण्याआधी

न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ जे काही फॉरवर्ड करतो, त्यातलं निम्मं मी उघडतही नाही. हा मेसेज उघडला, कारण तोच चार दिवसांत तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आला होता. मजकूर थोडक्यात असा: ‘अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा ऐतिहासिक निकाल. सरकारी कर्ज क्रेडिट रिपोर्टवर चुकीचं दिसलं तर आता थेट सरकारवर दावा ठोका. एका कर्जदाराला भरपाई मिळालीसुद्धा. हजार डॉलर नक्की. केंद्र असो, राज्य असो, कुणालाच संरक्षण उरलेलं नाही. कर्जाची नोंदच पुसली जाते. भारतातल्या सरकारी बँकांनाही हे लागू.’

यातलं एक वाक्य खरं आहे. बाकीच्यांची एकेक करून तपासणी करू.

निकाल ऐतिहासिक आहे का? आहे. ८ फेब्रुवारी २०२४ ला लागला, नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमताने, निकालपत्र नील गोर्सच यांचं. प्रतिवादी होतं अमेरिकेचं कृषी खातं. शेतीखातं आणि गृहकर्ज यांचा काय संबंध, असा प्रश्न आपल्याला पडतो. पण तिथे या खात्याची एक शाखा खेड्यापाड्यांतल्या लोकांना घरासाठी कर्ज देते. तिच्या एका कर्जदाराचं म्हणणं असं, की २०१८ च्या मध्यापर्यंत आपण कर्ज पूर्ण फेडलं, तरी खातं ट्रान्सयुनियन या क्रेडिट ब्युरोला (म्हणजे कोण कर्ज कसं फेडतं याच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीला) ‘थकबाकीदार’ म्हणूनच कळवत राहिलं. त्याने ब्युरोकडे तक्रार केली, ब्युरोने ती खात्याला कळवली, खातं ढिम्म. दरम्यान क्रेडिट स्कोअर पडला.

खटल्यात सरकारने ‘नोंद बरोबर होती’ या मुद्द्यावर जोर दिलाच नाही. सरकार म्हणालं, आमच्यावर दावाच चालत नाही. राजा चूक करूच शकत नाही, या जुन्या इंग्रजी कल्पनेतून आलेलं हे सार्वभौम संरक्षण. अमेरिकेत संसदेने कायद्यात स्पष्ट संमती दिल्याशिवाय सरकारला पैशासाठी कोर्टात खेचता येत नाही. म्हणजे सगळा प्रश्न एका शब्दावर येऊन ठेपला: १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टमधला ‘व्यक्ती’. त्याच्या व्याख्येत ‘सरकार, सरकारी उपविभाग वा यंत्रणा’ असे शब्द पहिल्यापासून आहेत. पण १९७० मध्ये भरपाईची जबाबदारी फक्त ब्युरोंवर आणि रिपोर्ट वापरणाऱ्यांवर होती. १९९६ च्या दुरुस्तीने ब्युरोंना माहिती पुरवणाऱ्यांवरही, म्हणजे कर्ज देणाऱ्यांवरही, कर्तव्यं घातली आणि भरपाईच्या कलमात ‘कोणतीही व्यक्ती’ असं लिहिलं. आता व्याख्या आणि कलम शेजारी ठेवून वाचा: ‘कोणतीही व्यक्ती’मध्ये सरकारही येतं. सरकारी वकिलांचा युक्तिवाद असा, की ‘व्यक्ती’ म्हटलं की त्यात सार्वभौम सत्ता सहसा धरत नाहीत. शिवाय सरकारी नोंदींसाठी १९७४ चा प्रायव्हसी ॲक्ट आहेच. कोर्टाचं उत्तर सरळ होतं: संसदेने स्वतःच व्याख्या लिहून ठेवलेली असताना ‘सहसा’ कशाला शोधायचं?

याआधी अपील कोर्टांत फूट होती. (ही कोर्टं प्रदेशवार वाटलेली आहेत, त्यांना सर्किट म्हणतात.) शैक्षणिक कर्जाच्या एका खटल्यात चौथ्या सर्किटने २०१९ मध्ये सरकारला वाचवलं होतं. त्याआधी वर्षभर नवव्या सर्किटनेही तेच केलं. तो वाद राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेश-पावतीवर छापलेल्या डेबिट कार्डाच्या मुदत-तारखेचा होता. उलट सातव्या सर्किटने २०१४ मध्येच दार उघडं धरलं होतं. म्हणजे त्याच कायद्याखाली शिकागोत दावा चालायचा आणि व्हर्जिनियात चालायचा नाही. २०२४ नंतर हा भेद संपला. इथवर फॉरवर्डवाल्याला पैकीच्या पैकी.

‘भरपाई मिळालीसुद्धा’ हे मात्र साफ चूक. सुप्रीम कोर्टाने कर्जदार खरा की खातं खरं, हे पाहिलंच नाही. जिल्हा कोर्टाने दावा दारातच फेटाळला होता. सुप्रीम कोर्टाने म्हटलं, आत येऊ द्या. आत आल्यावर पुरावे, साक्षी, नुकसान सगळं सिद्ध करायचंच असतं. आपल्याकडे ‘अपील दाखल करून घेतलं’ ही बातमी ‘अपील जिंकलं’ म्हणून वाचतात, त्यातलाच हा प्रकार.

आता ‘थेट दावा ठोका’. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण हे वाचून माणसं खरोखर नुकसान करून घेतील.

या कायद्यात माहिती पुरवणाऱ्याची दोन कर्तव्यं आहेत. एक, मुळातच चुकीचं कळवू नये. दोन, ब्युरोमार्फत तक्रार आली तर चौकशी करून दुरुस्त करावं. सामान्य नागरिकाला कोर्टात जाता येतं ते फक्त दुसऱ्या कर्तव्यासाठी. पहिलं मोडलं तर कारवाई करायची ती सरकारी नियामकांनी. याचा व्यवहारातला अर्थ असा, की तुम्ही कर्ज देणाऱ्या खात्याला दहा ईमेल लिहिले, फोनवर तासन्‌तास ताटकळलात, त्यांच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवली, तरी या कलमाखाली तुमच्या हातात काही येत नाही. तक्रार क्रेडिट ब्युरोकडेच जायला हवी. तिथून ती खात्याकडे जाते आणि मग घड्याळ सुरू होतं: साधारण ३० दिवस, मध्येच तुम्ही जादा कागद दिलेत तर ४५. त्या मुदतीत नीट चौकशी झाली नाही, तर दाव्याचं कारण जन्माला येतं. कृषी खात्याच्या खटल्यातला कर्जदार याच पायऱ्या चढून गेला होता, म्हणून त्याचा दावा उभा राहू शकला. फॉरवर्डमध्ये नेमकी ही पायरी गायब आहे.

शिवाय मुदत: चूक कळल्यापासून २ वर्षं किंवा उल्लंघन झाल्यापासून ५ वर्षं, यातली जी आधी संपेल ती. सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही सवय असलेल्या माणसाला २ वर्षं कधी सरली ते कळतही नाही.

आणि आणखी एक. केंद्र सरकारच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते गोळा करण्याचं आणि ब्युरोंना कळवण्याचं काम बहुतेक वेळा खाजगी सर्व्हिसिंग कंपन्या करतात. चूक त्या कंपनीची असेल तर सार्वभौम संरक्षणाचा प्रश्न सहसा उभाच राहत नाही. तिच्यावर दावा करायला २०२४ च्या निकालाची वाट पाहावी लागत नव्हती. आपल्या लोकांपैकी एच-वन-बीवर असणाऱ्यांना केंद्राचं शैक्षणिक कर्ज मिळतच नाही. ते मुख्यतः ग्रीन कार्डवाल्यांना आणि अमेरिकी नागरिकांना मिळतं. म्हणजे हा निकाल ज्यांना लागू पडेल ते आपल्यात बहुतांशी कॉलेजातली पोरं आणि त्यांच्या शिक्षणासाठी स्वतः कर्ज घेणारे आईबाप.

‘हजार डॉलर नक्की’. कायद्यात १०० ते १,००० डॉलरचा आकडा आहे, हे खरं. पण तो फक्त जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी. नुसता हलगर्जीपणा असेल तर प्रत्यक्ष नुकसान दाखवा, तेवढंच मिळेल, वर वकिलाची फी. जाणूनबुजून म्हणजे काय, हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये सांगितलं: बेदरकारपणाही त्यात येतो, पण समोरच्याने कायद्याचा लावलेला अर्थ चुकीचा असूनही पटण्यासारखा असेल, तर तो बेदरकार नव्हे.

त्याहून मोठी अट आली २०२१ च्या ट्रान्सयुनियन खटल्यात. ही कंपनी लोकांची नावं अमेरिकी अर्थखात्याच्या यादीशी ताडून पाहायची. दहशतवादी, अमली पदार्थांचे तस्कर वगैरेंची यादी. ताडायची कशी? फक्त पहिलं नाव आणि आडनाव. कॅलिफोर्नियात एका गृहस्थाला गाडीच्या डीलरने त्याच्या नावावर गाडी विकायला नकार दिला. गाडी बायकोच्या नावावर घ्यावी लागली. आमच्यासारख्या ‘स्वतःचं-वडिलांचं-आडनाव’ अशा तीन डब्यांच्या नावांनी अमेरिकी फॉर्म भरणाऱ्यांनी हे वाचून जरा हादरावं. मधलं नाव गाळलं की एकेका ब्युरोच्या लेखी किती ‘संजय पाटील’ एकच होत असतील, देव जाणे.

त्या खटल्यात ८,१८५ जण होते. ज्युरीने प्रत्येकाला वैधानिक भरपाई ९८४ डॉलर आणि दंडात्मक सहा हजारांवर दिली. एकूण रक्कम ६ कोटी डॉलरच्या पुढे. सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी काय ठरलं? ज्यांचा रिपोर्ट खरोखर कुणा तिसऱ्याकडे गेला त्या १,८५३ जणांनाच या मुद्द्यावर भरपाई मागता येईल. उरलेल्या ६,३३२ जणांच्या फायलीत ‘संभाव्य दहशतवादी’ असा शेरा होता, पण तो कुणी पाहिला नव्हता. सबब केंद्राच्या कोर्टात त्यांना भरपाई मागता येत नाही. बदनामीचं पत्र लिहून टेबलाच्या खणात ठेवलं तर कुणाची बदनामी झाली, असा कोर्टाचा सवाल. मला हा निकाल पटत नाही. चूक म्हणजे कायद्याचं उल्लंघन असेल तर खणातलं पत्रही पत्रच. पण तो आज कायदा आहे, आणि ‘हजार डॉलर नक्की’ म्हणणाऱ्याने तो वाचलेला नाही.

‘केंद्र असो, राज्य असो’. केंद्रापुरतं ठीक. राज्यांना अमेरिकी घटनेच्या अकराव्या दुरुस्तीचं कवच आहे, आणि व्यापार-नियमनाच्या अधिकारातून केलेल्या कायद्याने संसदेला ते काढता येत नाही, असं १९९६ मध्येच सुप्रीम कोर्टाने ठरवलं. २०२४ च्या निकालाने त्या भिंतीला हात लावलेला नाही. तेव्हा राज्य विद्यापीठाने थकलेल्या फीची चुकीची नोंद पाठवली, तर तुम्ही वेगळ्याच आखाड्यात आहात. काउंटी किंवा नगरपालिकेला मात्र ते कवच नाही.

‘नोंदच पुसली जाते’. नाही. खरी थकबाकी असेल तर ती साधारण ७ वर्षं रिपोर्टवर राहते, आणि हा कायदा ती तिथे राहू देतो. दुरुस्त होते ती फक्त चुकीची नोंद, कर्ज माफ होत नाही.

राहिली भारताची गोष्ट. अमेरिकी कोर्टाचा निकाल पुण्यातल्या बँकेला लागू होत नाही, हे सांगावं लागतं याचीच गंमत वाटते. आपल्याकडे २००५ चा क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज ॲक्ट आहे, आणि कर्जदार, बँक व सिबिलसारखी कंपनी यांच्यातले वाद त्याने समेट आणि लवादाकडे वळवले आहेत. सरकारी मालकीची बँक म्हणजे सरकार नव्हे. स्टेट बँक ‘आम्ही सार्वभौम’ असं म्हणू शकत नाही. सार्वभौमत्वाचं कवच आपल्याकडे वापरलं गेलं ते वेगळ्या ठिकाणी. १९६४ चा कस्तुरीलाल खटला आठवा: १९४७ मध्ये मेरठच्या पोलिसांनी एका सराफी पेढीच्या भागीदाराकडून सोनं-चांदी जप्त केली, हेड कॉन्स्टेबल १०३ तोळ्यांवर सोनं घेऊन पाकिस्तानात पसार झाला, आणि सुप्रीम कोर्टाने भरपाई नाकारली. कारण? अटक आणि जप्ती ही सार्वभौम कामं. नंतरच्या निकालांनी त्याची धार बरीच बोथट केली, तरी तो खटला वाचताना अजून राग येतो.

क्रेडिट नोंदींपुरतं आपल्याकडे एक काम झालंय ज्याचा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार तक्रारीचं निवारण ३० दिवसांत झालं नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. २६ एप्रिल २०२४ पासून लागू. बँकेला २१ दिवस, उरलेले ब्युरोला. बँक उशीर करेल तर बँक देईल, ब्युरो करेल तर ब्युरो. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्या आहेत. त्यासाठी वकील लागत नाही.

हे सगळं मावसभावाला फोनवर सांगितलं. त्याच्या मुलीच्या शैक्षणिक कर्जावर ९० दिवसांची थकबाकी दिसतेय, हप्ते तर दर महिन्याला जात होते. त्याच्याकडे बँकेची स्टेटमेंटं आहेत. तक्रार कुठे केलीस, विचारलं. ‘कंपनीच्या वेबसाइटवर, पाच वेळा,’ म्हणाला. ब्युरोकडे एकदाही नाही.