गुण पंच देतात, मग शिव्या स्केटरला का?

फिगर स्केटिंगचे फॅन पॉडकास्ट आणि यूट्यूब चॅनेल मी आवडीने ऐकते. टीव्हीवरच्या समालोचनात जे कधीच सांगत नाहीत, ते मला या मंडळींनी शिकवलंय. म्हणूनच हल्ली तिथे पंचांवरची टीका घसरून स्केटरच्या अंगावर आणि खासगी आयुष्यावर येते, त्याचा मनापासून राग येतो आणि तो इथे लिहायचाय.

आधी चांगलं काय ते सांगते. लुट्झ ही उडी मागे सरकताना ब्लेडच्या बाहेरच्या कडेवरून घ्यायची असते. सरकण्याचा वळसा एकीकडे आणि हवेतली गिरकी त्याच्या उलट, त्यामुळे ती अवघड. बऱ्याच जणांचा घोटा अगदी शेवटच्या क्षणी आत कलंडतो, ब्लेड आतल्या कडेवर येतं आणि लुट्झची जवळजवळ फ्लिप, म्हणजे आतल्या कडेवरून घ्यायची सोपी उडी, होऊन जाते. चाहते तिला ‘फ्लट्झ’ म्हणतात. कुणीतरी तो क्षण थांबवून दाखवतं, मग स्पर्धेनंतर जाहीर होणारा गुणांचा तक्ता उघडतं आणि विचारतं, उड्या तपासणाऱ्या टेक्निकल पॅनेलने इथे चुकीच्या कडेची खूण का केली नाही? कुठल्या पंचाने या उडीला अधिक चार दिले? २०१८-१९ पासून प्रत्येक घटकाला उणे पाच ते अधिक पाच असे दर्जाचे गुण मिळतात, त्यामुळे पंचाच्या हातात बरंच काही असतं. ही टीका कितीही कडक असू दे, मला ती हवी आहे.

आणि या खेळाला संशयाची सवय चाहत्यांनी लावलेली नाही. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिम्पिकला जोडी प्रकारात रशियन जोडीला सुवर्ण मिळालं, मग एका फ्रेंच पंचाने आपल्यावर दबाव होता असं सांगितलं, पुढे शब्द फिरवले, आणि शेवटी कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेल्तिये यांनाही सुवर्ण द्यावं लागलं. त्यातून सहापैकी गुण देण्याची (६.०) जुनी पद्धत गेली. पण त्याच सुधारणांच्या नावाखाली कुठल्या पंचाने किती गुण दिले हेच झाकून ठेवलं गेलं, आणि ते झाकण निघायला २०१६ ची आयएसयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची, काँग्रेस उजाडावी लागली. इतकी वर्षं लपवाछपवी केल्यावर लोक कुजबुजणारच. त्याबद्दल चाहत्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

माझं भांडण पुढे सुरू होतं. २०१४ चं सोची ऑलिम्पिक घ्या, महिलांची स्पर्धा. रशियाची अडेलिना सोत्निकोवा २२४.५९ गुणांसह पहिली, दक्षिण कोरियाची युना किम २१९.११ सह दुसरी. त्या निकालाविरुद्ध लाखो लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या. पंचांच्या पॅनेलवर रशियन स्केटिंगमधल्या एका बड्या पदाधिकाऱ्याची पत्नी होती, आणि १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये निकाल आधीच ठरवण्याच्या प्रकरणात निलंबित झालेला एक पंचही होता. हे प्रश्न रास्त होते, आजही आहेत. पण ते विचारायचे कुणाला? पंच नेमणाऱ्यांना. सोत्निकोवा तेव्हा १७ वर्षांची होती, तिने समोर आलेला कार्यक्रम सादर केला आणि ती बाजूला झाली. आज इतक्या वर्षांनीही तो निकाल निघाला की बोलणं पॅनेलवरून घसरून तिच्या चेहऱ्यावर, तिच्या हसण्यावर येतं. तिने स्वतःला गुण दिले होते का?

२०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये हेच आणखी क्रूरपणे झालं. अमेरिकेत जन्मलेली झू यी चीनकडून सांघिक स्पर्धेत उतरली आणि पडली. ‘झू यी पडली’ हा हॅशटॅग वेबो या चिनी समाजमाध्यमावर काही तासांत २० कोटी वेळा पाहिला गेला. वडिलांच्या वशिल्याने जागा मिळाली, इथपर्यंत चर्चा गेली. निवड महासंघाने केली, जाब मात्र बर्फावर पडलेल्या मुलीने द्यायचा! गॉसिप आता टीकेचे कपडे घालून येतं ते असं. सुरुवात ‘निवडीत पारदर्शकता हवी’ अशी, आणि दहाव्या मिनिटाला घरच्यांची चौकशी.

मनोरंजनाला माझी ना नाही. पोशाखावर हसा, तो कार्यक्रमाचा भाग आहे, पैसे घेऊन कुणीतरी शिवलेला आहे. तेच ते संगीत दहाव्यांदा ऐकून वैतागा. जपानच्या ऑलिम्पिक विजेत्या युझुरू हान्यूसाठी बर्फावर विनी द पूच्या बाहुल्यांचा पाऊस पडायचा, तेव्हा मीही स्क्रीनसमोर वेड्यासारखी खुश व्हायचे. पण ‘तिचं अंग सुटलंय, आता क्वाड (हवेत चार गिरक्यांची उडी) विसरा’ हे विश्लेषण म्हणून खपवू नका. रशियाची युलिया लिपनित्स्काया १५ व्या वर्षी सोचीची लाडकी होती. १९ व्या वर्षी तिने खेळ सोडला आणि अ‍ॅनोरेक्सियावर (उपाशी राहण्याच्या विकारावर) उपचार घेतल्याचं सांगितलं. अमेरिकेची स्केटर ग्रेसी गोल्डही खाण्याच्या विकाराबद्दल उघडपणे बोलली आहे. हे माहीत असून वजनावर विनोद करणाऱ्याला मी मोकळं सोडणार नाही.

हान्यूचंच पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने लग्न झाल्याचं जाहीर केलं, पत्नीचं नावही सांगितलं नाही. नोव्हेंबरमध्ये घटस्फोट. बदनामी, पाठलाग, परवानगीशिवाय घेतलेल्या मुलाखती, अशी कारणं त्याने स्वतः दिली. ज्याच्या ट्रिपल अ‍ॅक्सल या उडीवर तासन्‌तास बोलता येतं, त्याच्या दारात कॅमेरा घेऊन उभं राहायची गरज कुणाला पडली? ‘आम्हाला त्याची काळजी वाटते’ म्हणणाऱ्यांना तर मला मुळीच माफ करावंसं वाटत नाही.

तेव्हा चॅनेलवाल्यांनो, तुमच्याकडे आवाज आहे, ऐकणारे आहेत, तर राग योग्य दारी न्या. बहुतेक स्पर्धांत टेक्निकल पॅनेलला रिप्ले एकाच कॅमेऱ्यातून बघावा लागतो. उडी त्या कॅमेऱ्याकडे पाठ करून घेतली तर कड दिसणार कशी आणि पाव गिरकी कमी पडली हे कळणार कसं? सगळ्या मोठ्या स्पर्धांत पॅनेलला आणखी कॅमेरे द्या, या मागणीवर एक अख्खा एपिसोड करा. पंचांच्या नेमणुकांवर दुसरा करा. दोन्ही मी शेअर करीन, खाली कमेंटमध्ये भांडायलाही येईन.