ते वेगळं

घराची किंमत 60 लाख रुपये आहे, हे वाक्य मी प्रथम ऐकले तेव्हा ते तिथेच संपले अशी माझी प्रामाणिक समजूत झाली होती. वस्तुतः एजंट फक्त श्वास घेण्यासाठी थांबला होता. “स्टॅम्प, रजिस्ट्रेशन वगैरे, ते वेगळं,” असे म्हणून त्याने वाक्य पूर्ण केले आणि बाल्कनीतून दिसणाऱ्या झाडाकडे बोट दाखवले. झाड खरोखरच सुंदर असल्यामुळे ‘वगैरे’मध्ये काय काय येते हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. पुढचे तीन महिने मी त्या एका शब्दाचा विग्रह करण्यात घालवले.

सुरुवात वकीलबाईंपासून झाली. घर पुनर्विक्रीचे होते, त्यामुळे मालमत्तेचा मागील 30 वर्षांचा शोध घ्यावा लागेल, असे त्यांनी सांगितले. माझ्या लग्नाच्या वेळी दोन्ही घरांनी मिळून जेमतेम दोन वर्षांचा शोध घेतला होता, तोही एका दूरच्या मावशीकडून आणि विनाशुल्क. इथे मात्र सरकारी शोध फी, वकिलांची फी आणि शोध अहवालाची फी अशा तीन पावत्या फाडल्या गेल्या. एवढे झाल्यावर नोंदणी केली की मालकी पक्की होईल ना, असे मी भाबडेपणाने विचारले. वकीलबाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, “नोंदणी दस्ताची होते, मालकीची नाही. अमुक माणसाने तमुक माणसाला अमुक कागद करून दिला, एवढंच सरकार नोंदवतं. देणारा खरा मालक होता की नाही, हे तुम्ही पाहायचं.” मालकी आपण तपासायची आणि ती आपणच तपासली याबद्दल सरकारला पैसे द्यायचे, ही व्यवस्था मला समजली, पटायला मात्र आणखी काही दिवस गेले. नोंदणी टाळता येईल का, हा प्रश्न मी केवळ शैक्षणिक जिज्ञासेने विचारला होता. त्यावर 1908 सालच्या नोंदणी कायद्यानुसार 100 रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीची नोंदणी सक्तीची आहे, असे उत्तर मिळाले. शंभर रुपयांत आज कोणती स्थावर मालमत्ता मिळते याचा मी बराच विचार केला. कुंडी मिळते, परंतु ती जंगम आहे.

आता मुद्रांक शुल्काकडे वळतो, कारण ‘वगैरे’ या डोंगराचे शिखर ते आहे. वेगळा करार नसेल तर हे शुल्क खरेदीदारानेच भरायचे असते, असे महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम सांगतो, आणि वेगळा करार करण्याची कल्पना मी मांडताच विक्रेत्याने इतक्या मनापासून हसून दाद दिली की मीही त्याच्याबरोबर हसलो. मूळ शुल्क 5 टक्के. त्यावर स्थानिक स्वराज्य संस्थेचा 1 टक्का अधिभार. आणि आमच्यासारख्या मेट्रोच्या शहरात आणखी 1 टक्का. मेट्रोने मी आजवर दोनदा प्रवास केला आहे, तोही तिकीट काढून. टक्का हा मुळात अत्यंत गरीब दिसणारा प्राणी आहे. बँक आपल्याला व्याज देते तेव्हा तो खरोखरच गरीब असतो. तोच लाखांच्या शेजारी बसला की त्याची प्रकृती पाहण्यासारखी सुधारते.

तरीही 60 लाखांचे 7 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार, अशी मी मनाची तयारी केली होती. ती वाया गेली. हे शुल्क करारातील किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर आकारले जाते. बाजारमूल्य ठरते वार्षिक दर तक्त्यावरून, ज्याला वकिलापासून वॉचमनपर्यंत सर्वजण रेडी रेकनर म्हणतात. आणि त्या तक्त्याच्या मते आमचे घर 64 लाखांचे होते. ज्या विक्रेत्याला 62 लाखांवरून 60 लाखांवर आणण्यासाठी मी भिंतीतली ओल, लिफ्टचा आवाज आणि पश्चिमेचे ऊन यांचे एखाद्या फिर्यादीप्रमाणे वर्णन केले होते, त्या माझ्या वक्तृत्वाची तक्त्याने दखलसुद्धा घेतली नव्हती. भिंतीला ओल आहे, असे मी वकीलबाईंना पुन्हा सांगून पाहिले. तक्त्यात ओलीचा रकाना नसतो, असे त्या म्हणाल्या. शिवाय नवे दर साधारणपणे 1 एप्रिलला लागू होतात, तेव्हा जे काही रडायचे असेल ते 31 मार्चपूर्वी रडून घ्यावे, असेही त्यांनी सुचवले. एकूण 4 लाख 48 हजार.

याच बैठकीत त्यांनी जाता जाता सांगितले की, निवासी घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत मिळते. मी ताबडतोब स्त्री-पुरुष समानतेचा पुरस्कर्ता झालो आणि दोघांच्या नावावर घर घेण्याची तयारी दर्शवली. सवलत संयुक्त नावाला नाही, असे समजल्यावर घरी शांतता पसरली. एका पारड्यात 64 हजार रुपये आणि दुसऱ्या पारड्यात माझे नाव, असा तो तराजू होता, आणि पारडे झुकायला माझ्या अपेक्षेपेक्षा फारच कमी वेळ लागला. “अहो, नावात काय एवढं? पाटीवर तुमचंच लावू की,” असे हिने समजुतीच्या स्वरात सांगितले. अशा प्रकारे शुल्क 3 लाख 84 हजारांवर आले, आणि मी कर्जाचा सहअर्जदार, म्हणजे ज्याच्या पगारातून हप्ते जातात तो इसम, एवढाच उरलो.

नोंदणी फीने मात्र मला सुखद धक्का दिला. ती 1 टक्का असली तरी तिला 30 हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. सरकारी व्यवहारात ‘कमाल’ हा शब्द मी प्रथमच माझ्या बाजूने उभा राहिलेला पाहिला आणि 34 हजार रुपये वाचवल्याच्या आनंदात दोन दिवस काढले. दस्त हाताळणी शुल्क पानागणिक असते, हे तिसऱ्या दिवशी कळले. आणि आमच्या दस्ताला जोडपत्रे लावून लावून वकीलबाईंनी त्याचा ग्रंथ केला होता.

विक्रेत्याशी असलेले आमचे मधुर संबंध टीडीएसमुळे बिघडले. 50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीचे घर घेताना विक्रेत्याच्या पैशांतून 1 टक्का आयकर कापून तो सरकारजमा करण्याची जबाबदारी खरेदीदारावर असते, आणि तो टक्काही करारातील किंमत व तक्त्यातले बाजारमूल्य यांपैकी मोठ्या रकमेवर काढायचा असतो. माझ्या खिशाला तोशीस न लावणारी संपूर्ण व्यवहारातील ही एकमेव रक्कम होती. पण 64 हजार रुपये मी परस्पर सरकारला दिले म्हणून विक्रेता माझ्याकडे जसा पाहत होता, तसा मी आजवर फक्त पाकीटमाराकडे पाहिलेले आहे. ते पैसे त्यांच्याच पॅन क्रमांकावर जमा होतात, हे मी तीनदा समजावले. चौथ्यांदा समजावताना मला स्वतःलाच शंका येऊ लागली.

बँकेबद्दल फार लिहीत नाही. प्रक्रिया शुल्क, विधी शुल्क, मूल्यांकन शुल्क आणि या सर्वांवरील जीएसटी अशी ती वरात होती. मूल्यांकनासाठी आलेल्या गृहस्थांनी ओल पाहिली आणि वहीत टिपून घेतली, याचा मला विलक्षण आनंद झाला. नंतर कर्जाची मंजूर रक्कम कमी झाली तेव्हा तो ओसरला.

दस्त केल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी सादर करावा लागतो. त्यानंतर आणखी चार महिने मिळतात, पण नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून. आम्ही चौथ्याच दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात हजर झालो. टोकन 17 होते आणि सर्व्हर डाऊन होता. तो उठेपर्यंत मी ई-चलनाची, म्हणजे शुल्क भरल्याच्या पावतीची, प्रत पुन्हा पुन्हा वाचली. आयुष्यातील एवढी मोठी रक्कम ज्या कागदावर लिहिली आहे, तो जपून ठेवावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पैसे पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून ते चलन ‘डिफेस’ करतात, असे शेजारच्या बाकावरील अनुभवी गृहस्थांनी सांगितले. चलन संगणकावरच बाद होते, हात कोणी लावत नाही. तरीही तो शब्द ऐकताच मी चलन छातीशी धरले.

आमचा क्रमांक आल्यावर विक्रेत्याने अंगठा ठेवला, हिने अंगठा ठेवला, दोघांचे छायाचित्र निघाले. मीही भांग सरळ करून कॅमेऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“आपण कोण?” लिपिकाने विचारले.

मी हिच्याकडे पाहिले, हिने वकीलबाईंकडे पाहिले. दोन साक्षीदारांपैकी एक जण वाहतूक कोंडीत अडकला होता, त्यामुळे वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, “साक्षीदार.” खरेदीदाराला मी ओळखतो, अशा अर्थाच्या मजकुराखाली मी सही केली. गेल्या वीस वर्षांचा अनुभव पाहता तो दावा धाडसाचाच होता.

सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा, हातात घेऊन आम्ही सोसायटीत गेलो. सचिवांनी कागद तपासले. प्रवेश फी 100 रुपये, हस्तांतरण फी 500 रुपये आणि हस्तांतरणाचे अधिमूल्य 25 हजार रुपये. महापालिका हद्दीत यापेक्षा अधिक घेता येत नाही म्हणून नाइलाज आहे, असे ते खेदाने म्हणाले. धनादेश लिहून झाल्यावर मी घसा साफ केला आणि भिंतीतल्या ओलीबद्दल सोसायटी काय करणार आहे, असे विचारले.

“साहेब, सभासद मॅडम आहेत,” ते नम्रपणे म्हणाले आणि त्यांनी खणातून एक छापील अर्ज काढून माझ्यापुढे सरकवला. “तुम्हाला काही मांडायचं असेल तर हा सहयोगी सभासदत्वाचा अर्ज भरा. त्याचे शंभर रुपये. ते वेगळं.”