लाल निशाण उतरल्यावर

यस टॉर या टेकडीच्या माथ्यावर लष्कराच्या गोळीबाराचं लाल निशाण नसलं की त्या दिवशी माळावर जाता येतं. इंग्लंडमधल्या एक्सेटरला येऊन मला अकरा वर्षं झाली, आणि त्यातली सहा वर्षं सुट्टी मिळेल तशी मी जवळच्या डार्टमूर या माळरानाच्या उत्तर भागात कॅमेरा घेऊन फिरते आहे. टेकड्यांच्या डोक्यावरच्या ग्रॅनाइटच्या शिळांचे, म्हणजे टॉरचे, फोटो सगळेच काढतात. मी लष्करी सरावाने माळावर उमटलेल्या खुणांचे काढते.

मागच्या महिन्यात त्यातला एक घरच्या ग्रुपवर टाकला. तोफगोळ्याने पडलेला खड्डा. दोन वाव रुंद, गोल, काळ्या पाण्याने भरलेला. काठाला तांबूस शेवाळ आणि त्यातून वर आलेले कापूसगवताचे पांढरे गोंडे. लांबून पाहिलं तर कुणालाही सुंदर तळं वाटेल. पण एका बाजूची कड अजून सरळ तुटलेली आहे आणि तिथे पीटचे थर उघडे पडलेत: वर मुळांचं जाळं, त्याखाली चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी थर, तळाला काळा, लोण्यासारखा मऊ. पीट म्हणजे पाण्याखाली पुरता न कुजलेला झाडोरा. तो वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. म्हणजे कंबरभर खोल खड्ड्यात एका क्षणात हजार वर्षं उडाली.

मामाचं उत्तर लगेच आलं. ‘तिकडं रेंजवर फोटो काढू देतात? आमच्याकडं कॅमेरा घेऊन गेलीस तर आधी पोलिस येतील.’

माझं आजोळ पारनेर तालुक्यात, ढवळपुरीच्या बाजूला. पलीकडे के. के. रेंज, म्हणजे खारे कर्जुने गावाच्या नावावरून ओळखला जाणारा रणगाड्यांच्या सरावाचा टापू. लहानपणी सुट्टीत तिकडे असलो की फडताळातली पितळी भांडी आपोआप वाजायला लागायची, आणि आजी हातातलं काम न थांबवता म्हणायची, ‘सुरू झालं त्यांचं.’ या रेंजच्या विस्तारासाठी नगर, पारनेर, राहुरी तालुक्यांतल्या गावांची जमीन जाणार, ही टांगती तलवार कित्येक वर्षांची आहे. निवडणूक आली की ती वर निघते, पुढारी दिल्लीला जाऊन येतात, आणि गावातला माणूस विहिरीला कर्ज काढावं की नाही याच विचारात राहतो. मुळा धरणात एकदा घरदार गेलेली माणसंही त्यांत आहेत.

फोटोवरून ग्रुपवर वाद पेटला. पुण्यातला मावसभाऊ म्हणाला, सैन्याच्या जागेवर शंका घेणं शोभत नाही. सीमेवर मुलं उभी आहेत ती सराव कुठे करणार? त्याचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. सराव लागतोच, आणि तो कुठल्या तरी मातीवरच होणार. पण शंका घेणं आणि विचारणं यांत फरक आहे, आणि तो मला इथे राहून जास्त कळला.

इथे 1870च्या दशकापासून तोफांचा सराव आहे. 1951मध्ये डार्टमूर राष्ट्रीय उद्यान झालं तरी लष्कर हललं नाही. ओकहॅम्प्टन, मेरिव्हेल आणि विल्सवर्दी या तीन रेंज आजही चालू आहेत. दक्षिण इंग्लंडमधलं सर्वांत उंच ठिकाण, 621 मीटरचं हाय विलहेज, त्यांतल्याच एका रेंजमध्ये येतं. गोळीबाराचे दिवस आधी जाहीर होतात. त्या दिवशी लाल निशाणं चढतात, रात्री लाल दिवे लागतात. बाकीच्या दिवशी कुणीही जावं. मी त्याच दिवशी जाते, आणि जमिनीवरच्या कुठल्याही धातूच्या तुकड्याला हात लावत नाही. नगरला भंगारासाठी गोळ्यांचे तुकडे वेचताना माणसं गेल्याच्या बातम्या वाचत मी मोठी झाले आहे.

फोटोंची परंपराही इथलीच. रॉबर्ट बर्नार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या माळाचे फोटो पद्धतशीरपणे काढून ठेवले. 1883च्या डार्टमूर प्रिझर्वेशन असोसिएशनच्या संस्थापकांत ते होते. पुढे त्यांची नात सिल्व्हिया सेयर त्याच संस्थेची अध्यक्ष झाली आणि लष्करी वापराविरुद्ध आयुष्यभर लढली. तिला कुणी देशद्रोही ठरवून गप्प केलं नाही. 1970च्या दशकात लेडी शार्प या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांसमोर जाहीर चौकशी झाली. राष्ट्रीय उद्यान आणि लष्करी सराव यांचा मेळ बसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तरी लष्कर राहिलंच, कारण पर्यायी जागा पुढे आली नाही. हे मी मामाला मुद्दाम सांगितलं. इथे सगळं आलबेल आहे असा समज मला पसरवायचा नाही.

शिवाय मोठा फरक आहे. डार्टमूरच्या रेंजवर गाव नाही. मेंढ्या चरतात, घोडी चरतात, माणसं खाली दरीत राहतात. इथला वाद शांततेचा, पीटचा, निसर्गाचा आहे. आमच्याकडचा घराचा आणि सातबाऱ्याचा. इथली तक्रार उचलून तिकडे लावली तर ढवळपुरीच्या धनगराचा तो अपमानच होईल.

पण एक गोष्ट मला तिकडे न्यावीशी वाटते. आमच्या वादात एकर मोजले जातात, मोबदला मोजला जातो, घरं मोजली जातात. माळ कुणीच मोजत नाही. कागदोपत्री तो ‘पडीक’. सरकारही पडीक म्हणतं, लष्करही, आणि वाईट याचं वाटतं की आपणही म्हणतो. ज्या माळावर मेंढरं जगली, जिथे काळवीट आणि कधीकाळी माळढोक होता, त्याला पडीक म्हटलं की तिथे बिघडण्यासारखं काही उरतच नाही. उलटही होऊ शकतं, हे मी मान्य करते. इंग्लंडमधल्याच सॉल्सबरी प्लेन या सरावाच्या टापूवर लष्कराने नांगर लागू दिला नाही, म्हणून चुनखडीच्या मातीवरचं जुनं गवताळ रान टिकलं. के. के. रेंजच्या आतही तसं असेल. आपण पाहिलेलंच नाही, तर बोलणार कशाच्या आधारावर?

पाहायला आडवा येतो 1923चा शासकीय गुपिते कायदा. इंग्रजांनी केलेला, आणि आपण जपून ठेवलेला. लष्कराची गुपितं राखायलाच हवीत. पण गोळ्याने फुटलेला खडक आणि जळालेलं गवत यांत कसलं गुपित? वर्षातून एकदा, तोफा थांबलेल्या दिवसांत, गावकऱ्यांना आणि वनस्पती जाणणाऱ्यांना लष्कराच्याच माणसांबरोबर आत नेऊन नोंदी आणि फोटो करू द्यावेत, एवढी माझी मागणी आहे. गोळीबाराच्या तारखा वेशीवर मराठीत लावाव्यात, ही दुसरी.

डिसेंबरमध्ये मी जाणार आहे. रेंजच्या हद्दीजवळ जाणार नाही. मामाच्या बांधावरून त्याच्याच रानाचे फोटो काढायचे ठरलंय. काल त्याचा व्हॉइस मेसेज आला. त्यात नुसती नावं होती: पवन्या, मारवेल, कुसळी, शेडा. कुठलं गवत मेंढरं आधी खातात आणि कुठलं लोकरीत अडकतं, हे शेवटी सांगितलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि प्रत्येक नावापुढे फोटोसाठी जागा सोडली.