दार धरून उभा असलेला

परवा इथे न्यू जर्सीत मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत चार घरांचं एकच बोलणं चाललं होतं. पोरं फ्रॅटर्निटीत जायचं म्हणतायत. फ्रॅटर्निटी किंवा फ्रॅट म्हणजे इथल्या कॉलेजातल्या पोरांची संघटना. आमचा धाकटा पेनसिल्व्हेनियात दुसऱ्या वर्षाला आहे, त्याने 'रश'साठी, म्हणजे फ्रॅट नवी पोरं निवडतात त्या कार्यक्रमांसाठी, ब्लेझरसुद्धा घेतलाय. रांगेतल्या प्रत्येकाची काळजी एकच होती, आपल्या पोराला कुणी काही करायला नको. त्याला पाजतील, मारतील, रात्री-अपरात्री कुठेतरी नेऊन सोडतील. मीही मान डोलावली, मोदक घेतला आणि घरी आलो.

गाडी चालवताना साधा हिशेब लक्षात आला. पोरगा 'प्लेज' म्हणजे नवखा असतो फार तर एक सेमिस्टर. त्यानंतर डिग्री मिळेपर्यंत तो 'ब्रदर' असतो, म्हणजे दुसऱ्या बाजूला. आपण सगळे त्या एका सेमिस्टरची काळजी करतोय आणि पुढच्या अडीच-तीन वर्षांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कारण आपला पोरगा कुणाला काही करेल हे आपल्या डोक्यातच येत नाही.

आधी माझंच सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर मी राहिलो, नव्वदच्या दशकात. पहिल्या वर्षी काडेपेटीतल्या काडीने व्हरांडा मोजला, सीनियरच्या शर्टाचं तिसरं बटण बघत उत्तरं दिली. दुसऱ्या वर्षी डिसेंबरातल्या एका रात्री आमच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये एका पोराला नळाखाली बसवलं होतं. बसवणारे तिघं होते आणि मी दाराशी होतो. वॉर्डन आला तर खोकायचं, एवढंच माझं काम. पोरगा महिन्याभरात घरी गेला, परत आला नाही. मला पुढे कॅम्पसमधून नोकरी लागली, व्हिसा मिळाला, घर झालं. त्या रात्रीबद्दल आजवर मला कुणीही काहीही विचारलेलं नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा आला १९९९ मध्ये: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि दोषी ठरलेल्याला पाच वर्षं कुठल्याच कॉलेजात प्रवेश नाही. तोवर मी पास होऊन बाहेर पडलो होतो.

माझा पोरगा असा सुटणार नाही.

पेन स्टेट युनिव्हर्सिटीचं प्रकरण आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलंय, पण अर्धवट. फेब्रुवारी २०१७, बीटा थीटा पाय या फ्रॅटचं घर. एकोणीस वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार ८२ मिनिटांत त्याला किमान १८ ड्रिंक दिली गेली. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. त्याला उचलून सोफ्यावर ठेवलं, तोंडावर पाणी मारलं, उताणा होऊन गुदमरू नये म्हणून पाठीला पुस्तकांची बॅग बांधली. म्हणजे जिवाला धोका आहे हे कळत होतं. एक नवीन पोरगा म्हणाला, याला हॉस्पिटलात न्या. त्यालाच भिंतीवर ढकललं. ९११ ला, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन गेला दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराच्या पुढे, पडल्यापासून जवळजवळ बारा तासांनी. पोरगा गेला.

हे सगळं कॅमेऱ्यात होतं. तळघरातलं फुटेज कुणीतरी पुसलं, तपासात ते परत मिळवलं गेलं आणि पुसण्याच्या प्रकरणात एका सदस्याला ज्युरीने दोषी ठरवलं. एकूण दोन डझनांवर पोरांवर आरोप ठेवले गेले. बरेच पुढे गळाले, काहींनी किरकोळ गुन्हा कबूल केला. पण फ्रॅटचा तेव्हाचा अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांचा निकाल लागला ऑक्टोबर २०२४ मध्ये: दोन ते चार महिने काउंटी जेल आणि तीन वर्षं प्रोबेशन. शिक्षा लहान वाटते ना? मला त्याआधीची साडेसात वर्षं दिसतात. नोकरी, लग्न, घर या वयातली साडेसात वर्षं कोर्टाच्या तारखा सांभाळत काढायची. आणि ज्या घरातला पोरगा गेला त्यांनीही तेवढीच वर्षं त्याच कोर्टात काढली, हे विसरून चालणार नाही.

'ही गोऱ्या पोरांची थेरं' असं म्हणणाऱ्यांसाठी दुसरं प्रकरण. पाय डेल्टा साय ही आशियाई-अमेरिकन पोरांची फ्रॅटर्निटी, मुलगा न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजचा. डिसेंबर २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांत, जिथे आपण पोरांना घेऊन स्कीइंगला जातो तिथे, एक घर भाड्याने घेतलं होतं. विधीचं नाव 'ग्लास सीलिंग'. डोळे बांधायचे, पाठीवर वाळूने भरलेली बॅग द्यायची, अंधारात बाकीच्यांनी धडका मारून पाडायचं. आशियाई स्थलांतरितांनी काय सोसलं ते म्हणे यातून कळतं. म्हणजे आईबापांचे कष्ट समजावेत म्हणून दुसऱ्याच्या पोराला आपटायचं. तो बेशुद्ध पडल्यावर कपडे बदलले, लक्षणं इंटरनेटवर शोधली, फ्रॅटच्या खुणा असलेलं सामान लपवलं, मग कुठे हॉस्पिटल. तो वाचला नाही. ३७ जणांवर आरोप ठेवले गेले. चौघांनी सदोष मनुष्यवध कबूल केला. संघटनेलाच पेनसिल्व्हेनियातून दहा वर्षांची बंदी झाली. त्या ३७ जणांची घरं आपल्यासारखीच असणार, आईबाप दोन नोकऱ्या करून फी भरणारे.

त्यानंतर कायदा खूप कडक झालाय. पेनसिल्व्हेनियात २०१८ पासून हेझिंगमध्ये, म्हणजे इथल्या रॅगिंगमध्ये, गंभीर इजा किंवा मृत्यू झाला तर तो फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा ठरू शकतो, सात वर्षांपर्यंत कैद. आमच्या न्यू जर्सीत २०२१ मध्ये असाच कायदा झाला. 'त्याने स्वतःच्या मर्जीने प्यायली' हा बचाव दोन्हीकडे चालत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राचाही कायदा आला, आता कॉलेजांना हेझिंगचे आकडे आणि दोषी ठरलेल्या संघटनांची नावं जाहीर करावी लागतात. पोरगा कुठल्या फ्रॅटमध्ये जातोय ते विचारा आणि कॉलेजच्या साइटवर ते नाव शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि कोर्टात काहीच झालं नाही, नुसती कॉलेजने कारवाई केली, तरी? आपल्यातली निम्मी पोरं मेडिकलच्या वाटेवर. तिथल्या अर्जात थेट विचारतात, कॉलेजने वर्तणुकीबद्दल कधी कारवाई केली होती का, ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, दिसत नसली तरी सांगा. वकिलीची सनद घेताना चारित्र्याची तपासणी होते. पोरगा नागरिक नसेल तर आणखी अवघड. आपल्यातली कितीतरी मुलं एकविसाव्या वर्षी आईबापांवर अवलंबून असलेल्या एच-फोर व्हिसावरून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर येतात, आणि नुसत्या अटकेवरून व्हिसा रद्द झाल्याची उदाहरणं आहेत. स्टेट कोर्टाने रेकॉर्ड पुसलं तरी इमिग्रेशनच्या लेखी शिक्षा सहसा शिल्लकच राहते. वकील मित्राने हे सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं.

रविवारी धाकट्याला हे सगळं सांगितलं. पोहे खाता खाता म्हणाला, "बाबा, सगळे फ्रॅट तसे नसतात." खरं आहे. मी त्याला जाऊ नको म्हटलेलं नाही. एकटं पडलेलं पोर दोस्त शोधणारच, मीही होस्टेलवर तेच शोधत होतो. मग त्याला दाराची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. हिलाही ती आजवर ठाऊक नव्हती. तो बराच वेळ बशीतले शेंगदाणे बाजूला करत बसला. मग म्हणाला, "पण तुम्ही तर काहीच केलं नव्हतं."

पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात एक सोय आहे, ती त्याला दोनदा वाचून दाखवली. जो मदतीसाठी फोन करतो, स्वतःचं नाव सांगतो आणि मदत येईपर्यंत त्या पोराजवळ थांबतो, त्याला संरक्षण आहे. ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्याला नाही, अध्यक्षाला विचारायला गेलेल्याला नाही.

राहिला विमा. फ्रॅटच्या विम्यात हेझिंग बहुतेक वेळा वगळलेलं असतं, त्यामुळे दिवाणी दावे एकेका पोरावर पडतात आणि तिथून आईबापांच्या घराच्या पॉलिसीपर्यंत येतात. सोमवारी एजंटला फोन केला. आमच्या पॉलिसीत हे बसतं का, एवढंच विचारलं. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मुलगा कुठल्या फ्रॅटमध्ये आहे?" म्हटलं, अजून कुठल्याच नाही. उत्तर लेखी द्या म्हणून सांगून ठेवलंय. आज गुरुवार, अजून आलेलं नाही.