खुलासा : नागपूर स्टेशनवर उभी गाडी मागे घसरत नाही

‘नागपूर स्टेशनवर उभी गाडी आपोआप मागे घसरते, ब्रेक निकामी आहेत, लगेच खाली उतरा’ असा मेसेज फिरतो आहे. परवा मीही तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. ती माझी चूक होती.

लिहिणाऱ्याला गाडी सरकल्यासारखी वाटली असणार, यात शंका नाही. काल मलाही वाटली, पोटात गोळाच आला. पण दुसऱ्या बाजूला मान वळवली तर फलाटावरचा खांब जागच्या जागी! निघाली होती ती शेजारच्या रुळावरची गाडी. खिडकीभर तीच दिसत असली की मेंदू तिला स्थिर धरतो आणि आपणच मागे चाललो असं ठरवतो. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय फक्त वेगातला बदल टिपतं; एकसारखी गती आणि स्तब्धता त्याला सारखीच. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी १८७५ मध्येच या भासाबद्दल लिहिलं होतं.

ब्रेकचं म्हणाल तर एअर ब्रेकच्या मुख्य नळीतला दाब घटला की ब्रेक सुटत नाहीत, उलट लागतात.

मेसेज वाचून कुणी म्हातारं माणूस घाबरून उतरायला जाईल आणि पडेल, ही खरी काळजी आहे. कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.