वार्षिक वाचनाचा ताळेबंद कसा मांडावा

यंदा वाचनाची नोंद ठेवायचीच असा निश्चय आपण केला असेल, तर पुस्तक मिळवण्याच्या आधी वही मिळवावी. बियाणे कंपन्या, खतांचे विक्रेते आणि सहकारी बँका यांच्या डायऱ्या जानेवारीत मराठवाड्यातल्या घरोघरी पोचतात आणि डिसेंबरपर्यंत बहुधा कोऱ्याच राहतात, त्यामुळे हा खर्च वाचतो. डायरीत पुस्तकाचे नाव, लेखक, पृष्ठसंख्या, सुरू केल्याची तारीख, संपवल्याची तारीख आणि अभिप्राय असे रकाने आखावेत आणि मोंढ्यातला अडत्या रोजमेळ लिहितो त्याच निष्ठेने रोज रात्री ते भरावेत. रकाने भरताना वाचायला वेळ उरला नाही, तर खंत करू नये. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवावा असेच सांगते, आणि न वाचण्याइतकी वेळेची बचत दुसऱ्या कशातही होत नाही.

उद्दिष्ट बावन्न पुस्तकांचे असावे. आठवड्याला एक हा हिशेब सांगायला सोपा आहे आणि तो ऐकताच समोरच्या माणसाला स्वतःची लाज वाटू लागते. पुस्तके निवडताना विषय पाहण्यापेक्षा कणा पाहावा. ऐंशी पानांचा कवितासंग्रह आणि आठशे पानांची कादंबरी यांना डायरीत एकच ओळ मिळते, तेव्हा शहाण्या माणसाने कवितेवर प्रेम करावे. हे कुणाला अप्रामाणिक वाटत असेल, तर त्याने लिहिणाऱ्यांकडेही पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या बढतीला गुणांची जोड दिली आणि आयएसबीएन क्रमांक असलेल्या पुस्तकांना त्यात गुण मिळू लागले. लिहिणारा मोजून लिहीत असेल, तर वाचणाऱ्याने मोजून वाचण्यात गैर ते काय? दिवाळी अंक स्वतंत्र पुस्तक म्हणून धरावा की नाही, याबद्दल मतभेद आहेत. १९०९ साली मासिक मनोरंजनाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनच्या या परंपरेचा मान राखून माझे मत असे की तो जरूर धरावा, निदान ज्यातले राशिभविष्य आपण संपूर्ण वाचले आहे तो तरी.

जून उलटला आणि आकडा नवावरच अडकला, तरी घाबरू नये. गुडरीड्ससारख्या वाचनाची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर वार्षिक उद्दिष्ट नोंदवले की आपण वेळापत्रकाच्या किती पुस्तके मागे आहोत, हे तिथे न विचारता सांगितले जाते. पण मराठवाड्यातल्या माणसाला मागे असण्याचे भय कोणी घालावे? दांडेकर समितीने १९८४ मध्ये विकासाचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेली बाकी, मोजून हाती दिला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, आणि तो आकडा पुढच्या वर्षावर ओढण्याची कला आपल्या अंगवळणी पडली. वाचनाचा अनुशेषही तसाच ओढावा. उदगीरला २०२२ मध्ये झालेल्या पंचाण्णवाव्या साहित्य संमेलनातून आणलेली पुस्तके अजून पिशवीत असतील, तर ती "सध्या वाचत आहे" या सदरात टाकावीत. या सदराला मुदत नसते.

एक अडचण मात्र खरोखर बिकट आहे, आणि ती घरातल्या वडीलधाऱ्यांची. गावच्या सप्ताहात आजोबा ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसतात, अठरा अध्याय आणि नऊ हजारांच्या आसपास ओव्या सात दिवसांत वाचतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच ग्रंथ उघडतात. आपल्या पद्धतीने मोजले तर त्यांचे वार्षिक वाचन एक पुस्तक आणि आयुष्यभराचे वाचनही एकच पुस्तक. इतका वाईट आकडा घरात असणे शोभत नाही, म्हणून त्यांच्या नावावर निदान अठरा अध्यायांच्या अठरा ओळी लिहाव्यात. पैठणच्या नाथमहाराजांनाही हे तंत्र ठाऊक नव्हते. शके १५०६ मध्ये त्यांनी याच ग्रंथाच्या पाठाची शुद्धी पूर्ण केली, पण त्या खटाटोपात त्यांच्या खात्यावर एकाही नव्या पुस्तकाची भर पडली नाही, आणि ग्रंथाला पाचांपैकी किती तारे द्यावेत, हेही ते सांगून गेले नाहीत.

आता अभिप्रायाकडे वळू. मराठवाड्यात अभिप्राय देणे हे पुस्तकापेक्षा नात्याचे काम आहे. इथला लेखक आपल्या साडूचा शेजारी असतो, मुलाचा वर्गशिक्षक असतो किंवा ज्या कार्यालयात आपली फाइल पडून आहे तिथला अधिकारी असतो, आणि तो "सप्रेम भेट" लिहिलेली प्रत घरी आणून देतो. आठव्या दिवशी त्याचा फोन येतो, "सर, चाळलं का?" चाळलं या शब्दातली त्याची नम्रता खरी मानू नये. अशा वेळी मलपृष्ठ आणि प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद वाचलेला असावा, आणि "मातीचा गंध आहे" हे वाक्य तयार ठेवावे. दुष्काळावरच्या कथांना, ऊसतोड कामगारांवरच्या कादंबरीला आणि बागकामाच्या पुस्तकालाही ते सारखेच लागू पडते. "संग्रही असावे असे" हा शब्दप्रयोग त्याहून सोयीचा, कारण संग्रही असण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. फाइल हलल्यानंतर पाचवा तारा द्यावा, आधी देऊ नये.

प्रामाणिक मत देण्याची हौस आपल्यालाही असणारच, आणि ती दाबून ठेवणे प्रकृतीला बरे नव्हे. ती परदेशी लेखकांवर भागवावी, त्यातही दिवंगत लेखकांवर. पुण्याच्या लेखकालाही एखादा तारा कमी द्यायला हरकत नाही. तिथे आपले कोणी नातेवाईक बदलून गेलेले नाहीत, एवढी खात्री मात्र करून घ्यावी. एखादे पुस्तक खरोखर आवडले आणि रात्रभर झोप लागली नाही, तर त्याबद्दल कुठेही बोलू नये. तसल्या वेळी वाक्ये अडखळतात, आणि अडखळणाऱ्या माणसाला लोक अडाणी समजतात.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वर्षभरातली सर्व पुस्तके टेबलावर रचून त्यांचे छायाचित्र काढायचे असते, हे ध्यानात घेऊन वाचनालयातून आणलेली पुस्तके तोवर परत करू नयेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली आपल्या वाचनालयाला मिळणारा अ, ब, क किंवा ड दर्जा आणि त्यावरचे अनुदान यांच्या चिंतेत बुडालेल्या ग्रंथपालांना स्मरणपत्रे पाठवायला फारशी सवड नसते, आणि दंड दिवसाला चहाच्या किमतीइतकाही नसतो. आपण दाबून ठेवलेल्या एखाद्या कादंबरीसाठी कोणी विद्यार्थी ऑगस्टपासून खेपा घालत असल्याचे ते फोनवर सांगतील. त्याला वाचायचेच असेल, तर तो जानेवारीतही वाचेल.